सर्दीच ना?

मराठी माणसाने आपली सारी अब्रू नाकात नेऊन ठेवली आहे. बेअब्रू झाली की त्याचे नाक कापले जाते. शरण जायचे तर त्याला नाक घासावे लागते. रुसलेल्याच्या तो नाकदुऱ्या काढतो, न आवडलेल्या गोष्टीला नाक मुरडतो, खरे ऐकवले की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात, आणि तो अगदीच सज्जन असला तर जन्मभर नाकासमोर चालतो. शरीराच्या दुसऱ्या कुठल्या अवयवाला आमच्या भाषेने एवढा मान दिला असेल असे मला वाटत नाही. पण ह्याच मानकऱ्याला खरोखरीचे दुखणे जडले, तर त्याची विचारपूस कशी होते, हे मी पंधरा वर्षांहून अधिक काळ अनुभवीत आहे. ती अवघ्या दोन शब्दांत आटोपते : "सर्दीच ना?"

माझे भांडण ह्या दोन शब्दांशी आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर कुणाला भांडण वाढू नये, हे मला कळते. पण घरातली सगळी माणसे एकत्र जमतात ती ह्याच दिवसांत, आणि हे दोन शब्द उच्चारले जातात तेही घरातच. तेव्हा भांडायला ह्याहून चांगला मुहूर्त मला मिळणार नाही.

आधी दुखणे काय ते सांगतो. आपल्या चेहऱ्याच्या हाडांत पोकळ जागांच्या चार जोड्या आहेत : गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये, आणि नाकाच्या पार मागे कवटीच्या तळाशी. त्यांना सायनस म्हणतात. हवेत बुरशीचे सूक्ष्म कण सदासर्वकाळ तरंगत असतात. ते तुमच्या नाकात जातात, माझ्याही जातात. तुमचे शरीर त्यांना बिनतक्रार बाहेर काढून देते. माझे शरीर मात्र त्यांच्याशी हाडवैर धरते. हे वैर इतके विकोपाला जाते की नाकाचे आतले अस्तर सुजते, त्याला द्राक्षाच्या घडासारखे मऊ कोंब फुटतात, आणि सायनसमध्ये शेंगदाण्याच्या कुटाचा लगदा करावा तसा घट्ट, चिकट, तपकिरी शेंबूड साचत राहतो. दिवाळीच्या अंकात 'शेंबूड' हा शब्द वाचून ज्यांनी आत्ता नाक मुरडले, त्यांना निदान नाक मुरडता तरी येते, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे. हा लगदा वर्षानुवर्षे दाबत राहिला की शेजारचे हाड पातळ होते. माझा डावा डोळा थोडा पुढे आला होता. तो कुणाला आरशात दिसला नाही, एका लग्नातल्या फोटोत दिसला. तिथून पुढे २०१२ साली सी.टी. स्कॅन, शस्त्रक्रिया आणि दुखण्याचे खरे नाव, असे सगळे एकदमच झाले. नाव होते ॲलर्जिक फंगल सायनुसायटिस. त्याआधीची तीन वर्षे दुखण्याला एकच नाव होते. ते मी मथळ्यात दिलेच आहे.

मी मराठीचा मास्तर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत शिकवतो. अनुनासिक म्हणजे ज्याच्या उच्चाराला नाकाची मदत लागते तो वर्ण, ही व्याख्या मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो. तिचा खरा अर्थ मला ह्या दुखण्याने शिकवला. नाक बंद असले की 'म'चा 'ब' होतो आणि 'न'चा 'द'. मामांना हाक मारावी तर तोंडातून 'बाबा' निघते, आणि नानांना बोलवावे तर दादा वळून पाहतात. एकदा आठवीच्या वर्गात 'मन' ह्या शब्दाचे अर्थ सांगत होतो. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणाले, "बद!" सारा वर्ग हसला. मीही हसलो. विनोद खरोखरच चांगला होता. पण त्या दिवसापासून मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवणे सोडले. कविता वाचून दाखवणे हे माझ्या मास्तरकीतले एकमेव सुख होते. मी मुलांकडूनच वाचून घेऊ लागलो, आणि हेडमास्तरांना वाटले की ही काही नवी अध्यापनपद्धती असावी. त्यांनी तिची प्रशंसा केली.

वासाचे तर विचारूच नका. माणसाला डोळे गेल्याचे कळते, कान गेल्याचे कळते. नाक गेल्याचे मात्र फार उशिरा कळते, आणि बहुधा दुसऱ्या कुणाला तरी आधी कळते. २०१४ सालच्या मे महिन्यात मी एका खोलीत पेपर तपासत बसलो होतो. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस वाहत होता. सौ. बाजारातून आली ती दारातूनच ओरडली, "अहो, वास येत नाही का तुम्हांला?" येत नव्हता. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मला हाताला धरून अंगणात आणून उभे केले. त्यानंतर कित्येक महिने ती मला घरात एकट्याला सोडून बाहेर जाईना. चाळिशीतला धडधाकट दिसणारा माणूस, पण त्याला पाळण्यातल्या पोराप्रमाणे शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून ती बाजारात जाई. शेजाऱ्यांना कारण सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हो, सर्दीत असे होते खरे."

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी समजतात. तिखटाचा चटका तेवढा वर मिळतो. बाकी सारी चव नाकाची असते. त्यामुळे चकली आणि शेव ह्यांतला फरक मला दातांनी ओळखावा लागतो. नासलेल्या दुधाचा पेला मी अर्धा पिऊन होतो, तेव्हा कुणीतरी तो हातातून काढून घेते. रात्री तीन उशा रचून बसल्यासारखे झोपायचे, तासातासाने कोरड पडलेल्या घशाने उठायचे, आणि सकाळी डोक्यात ओला कापूस भरल्यासारखे होऊन वर्गात जायचे. पंगतीत शेजारचा माणूस पान जरा सरकवून घेतो, ते आपण पाहिलेच नाही असे दाखवायचे. खिशात चार रुमाल न्यायचे आणि चारही ओले करून परत आणायचे. ह्याला सर्दी म्हणत असाल, तर आमच्या कोकणातल्या जुलै महिन्याला दहिवर म्हणायला हरकत नाही.

आता सल्लागारांकडे वळतो. सुंठ उगाळून लाव, वेखंडाची धुरी घे, ओव्याची पुरचुंडी हुंग, दही सोड, केळे सोड, डोक्यावरून अंघोळ सोड. ह्या माणसांच्या मनात माझ्याविषयी प्रेमच होते, आणि म्हणूनच मी सगळे सोडून पाहिले. पण प्रत्येक सल्ल्याच्या पोटात एक आरोप दडलेला असतो : तू काहीतरी चुकीचे करतोस म्हणून तुला हे झाले. बुरशीचे नाव निघाल्यावर तर आरोप उघडच होऊ लागला. पाहुणे चहा घेता घेता भिंतींकडे आणि माळ्याकडे बघू लागले. सौ.ने एका उन्हाळ्यात सारे घर दोनदा रंगवून घेतले, आणि त्या रंगाच्या वासाचा त्रास न झालेला घरातला एकमेव माणूस मी होतो.

ह्या पाहुण्यांसाठी एक हकिगत सांगतो. १९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी जुनाट सायनसच्या २१० रोग्यांच्या नाकांतला स्राव तपासला. त्यांतल्या २०२ जणांत बुरशी सापडली. तेवढ्यावर थांबले असते तर गुन्हेगार सापडला असे झाले असते. पण त्यांनी चौदा निरोगी माणसेही तपासली होती. त्या चौदांच्या चौदा जणांच्या नाकांत बुरशी निघाली! म्हणजे, पाहुणेबुवा, तुमच्याही नाकात ती आहे. पुढे बुरशी मारण्याचे औषध घालून नाक धुण्याचा प्रयोग युरोपात झाला. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले, ते असे की औषध नसलेल्या पाण्याने धुतल्याहून त्याने काही अधिक साधत नाही. घराला ओल येऊ न देणे चांगलेच, त्याबद्दल वाद नाही. पण ह्या दुखण्यात अस्वच्छतेचा पुरावा शोधणे म्हणजे ज्याचे घर जळले त्यालाच काडी ओढल्याबद्दल पकडण्यासारखे आहे.

डॉक्टरांवर माझा राग नाही. एके काळी वरचा ओठ उचलून, हिरडी कापून, गालाच्या हाडाला भोक पाडून हा कारभार करीत असत. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावच्या मेसरक्लिंगर ह्यांनी दुर्बीण घालून नाकाच्या आतल्या वाटा पाहायला शिकवले, आणि १९८०च्या दशकापासून ती विद्या जगभर पसरली, म्हणून माझ्यासारख्याचा चेहरा न कापता दोन वेळा, २०१२ आणि २०१७ साली, आतली घाण उपसता आली. माझा डोळा जागेवर आला तो त्या विद्येमुळे. रोज दोन वेळा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने मी नाक धुतो, फवारा मारतो, आणि दुखणे उचल खाते तेव्हा स्टिरॉइडच्या गोळ्या घेतो. गोळ्यांनी साखर वाढते, तोंड सुजते, झोप उडते आणि स्वभाव इतका तिरसट होतो की सौ. म्हणते, ह्यापेक्षा तुमचे नाक बंद होते ते बरे.

तक्रार आहे ती दुसरीच. मुंबईच्या एका डॉक्टरांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचा स्कॅन दिव्यासमोर धरला आणि ते आनंदाने म्हणाले, "उत्तम! सगळे स्वच्छ आहे." मी म्हणालो, "पण डॉक्टरसाहेब, मला रात्रभर झोप नाही." ते पुन्हा स्कॅनकडे बघून म्हणाले, "स्कॅन स्वच्छ आहे." जणू झोप मला लागायची नसून स्कॅनला लागायची होती! सायनस किती भरले आहेत हे स्कॅनवरून पाहून शून्य ते चोवीस असे गुण देण्याची एक पद्धत आहे. ते गुण आणि रोग्याला प्रत्यक्ष होणारा त्रास ह्यांचा मेळ फारसा बसत नाही, ही गोष्ट नाकाच्या डॉक्टरांच्याच अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आलेली आहे. तरीही विचारले जाते ते स्कॅनला.

मग २०२१ साल उजाडले. करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. वर्तमानपत्रांनी त्याला काळी बुरशी म्हटले. खरे पाहता ती बुरशी काळी नसते. तिने रक्तपुरवठा तोडलेले मांस मरून काळे पडते. त्या वर्षीच्या जूनअखेर सरकारी हिशेबाने देशात ४०,००० हून अधिक रोगी झाले होते, आणि महाराष्ट्र त्यांत फार पुढे होता. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी माणसे ह्या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात धावत होती. माझे दुखणे त्याहून अगदी वेगळे. माझी बुरशी मांसात शिरत नाही. माझ्यापासून कुणाला लागत नाही, आणि म्युकरही एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही. पण बारा वर्षे ज्या दुखण्याला सगळे सर्दी म्हणत होते, त्याला आळीतल्या लोकांनी एका रात्रीत काळी बुरशी ठरवले. दूधवाला पिशवी फाटकावर टांगून जाऊ लागला. ज्या शेजाऱ्यांच्या स्वाधीन मला करून सौ. बाजारात जात असे, त्यांनी आपली खिडकी लावून घेतली.

त्या दिवसांत एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. लोकांना माझे दुखणे आधी क्षुल्लक वाटत होते आणि नंतर भयंकर वाटू लागले. मी कसा आहे, हा प्रश्न मात्र दोन्ही वेळा कुणी विचारला नाही. आमच्याकडे दुखण्याची दोनच वजने आहेत : मरणारे आणि न मरणारे. नाकाशी सूत धरायची वेळ आली तर सारा गाव गोळा होतो. सूत हलते आहे असे दिसले की गाव घरी जातो. ज्यांचे नाक नुसते हलते आहे, त्यांनी पुढची तीस वर्षे कशी काढायची, ह्याची चौकशी कुणाच्याच खात्यात येत नाही. त्याच साथीत कित्येकांचा एक डोळा काढावा लागला, कित्येकांचा वरचा जबडा गेला. पाणी प्यायले की ते नाकातून बाहेर येते, बोललेले घरच्यांनाही कळत नाही, खोटा टाळू बसवल्याशिवाय घास गिळता येत नाही. सरकारी तक्त्यात ही माणसे 'बरे झालेले' ह्या रकान्यात आहेत.

कोणी म्हणेल, जगात ह्याहून मोठी दुःखे आहेत. आहेतच. पण दुःख ही काही रेशनची रांग नव्हे, की पुढच्याचे मिटल्यावाचून मागच्याने तोंड उघडू नये. आणि रांगच लावायची असेल, तर तीही एकदा लावून झाली आहे. १९९५ साली अमेरिकेत ग्लिकलिच आणि मेटसन ह्या दोघा डॉक्टरांनी, तज्ज्ञाकडे आलेल्या जुनाट सायनसच्या रोग्यांचे जगणे इतर रोग्यांच्या जगण्याशी ताडून पाहिले. शरीराच्या वेदना आणि चारचौघांतला वावर, ह्या दोन बाबतींत सायनसचे रोगी हृदय थकलेल्या, छातीत कळ येणाऱ्या, जुनाट फुफ्फुसविकाराच्या आणि पाठदुखीच्या रोग्यांच्याही खाली निघाले. हृदय थकलेल्या माणसाला कोणी "हृदयच ना?" असे म्हणत नाही.

ह्या साऱ्या वर्षांत मला पहिल्यांदा नीट विचारले ते एका छापील कागदाने. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तो माझ्या हाती दिला. त्यावर बावीस प्रश्न होते, आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ११०. नाक किती वेळा शिंकरावे लागते, कान दडे बसल्यासारखे होतात का, वास-चव कळते का, हे तर होतेच. पण पुढे होते : रात्री जाग येते का? उठल्यावर थकवा असतो का? कामात लक्ष लागते का? चिडचिड होते का? उदास वाटते का? आणि एक प्रश्न होता : लाज वाटते का? मी पेन्सिल हातात धरून त्या प्रश्नापाशी किती तरी वेळ थांबलो. मला तो वर्ग आठवला, ती पंगत आठवली. मी पाच गुण दिले. जन्मभर मुलांना गुण वाढवायला सांगणारा मास्तर मी, आणि ११० पैकी ७१ मिळाल्याबद्दल बाईंनी माझ्याकडे काळजीने पाहिले. त्यांनी औषधे फारशी बदलली नाहीत. झोपेचे पाहिले, नाक धुण्याची माझी चुकीची रीत सुधारली, आणि दर भेटीला तोच कागद पुढे केला. गेल्या खेपेला माझे ३८ गुण आले. नापास झाल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तेव्हा माझे मागणे दयेचे नाही. डॉक्टरांनी स्कॅनशेजारी तो कागदही ठेवावा. दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. हेडमास्तरांनी, साहेबांनी, "सर्दीसाठी रजा?" असे म्हणण्यापूर्वी त्या माणसाची रात्र कशी गेली ते विचारावे. २०२१ साली जे 'बरे' झाले, त्यांची गणती पुन्हा एकदा करावी आणि ह्या वेळी ती जेवणाच्या पानापाशी बसून करावी. फुलबाज्यांच्या धुरात आणि माळ्यावरच्या धुळीत जो उभा राहत नाही, त्याला घरच्यांनी आळशी म्हणू नये. आणि माझ्या सहरोग्यांनो, तुम्हीही रुमालाआड तोंड लपवून "काही नाही हो, जरा सर्दी आहे" असे म्हणणे थांबवा. तो दोन शब्दांचा मंत्र लोकांना आपणच शिकवला आहे. मीही शिकवला आहे, हे मला कबूल केले पाहिजे.

२०१५ सालच्या दिवाळीत माझा गोळ्यांचा क्रम चालू होता, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे मला एकाएकी उटण्याचा वास आला. मग तेलाचा, मग ओल्या मातीचा, मग विझलेल्या पणतीच्या वातीचा. मी घरभर हुंगत फिरलो. तुळशीच्या लग्नापर्यंत सारे पुन्हा गेले, कारण गोळ्या संपल्या होत्या आणि त्या कायम घेता येत नाहीत. तेव्हापासून माझी धाकटी बहीण दर भाऊबीजेला ओवाळून झाले की विचारते, "दादा, येतो का रे वास?" कधी मी हो म्हणतो, बहुतेकदा नाही म्हणतो. दोन्ही उत्तरे ती पूर्ण ऐकून घेते.

तुमच्याही घरी ह्या दिवाळीत कोणी एक जण खिशात चार रुमाल घेऊन कोपऱ्यात बसलेला असेल. त्याला औषध सांगू नका. रात्री झोप लागली का, एवढेच विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. नाक बंद असलेल्या माणसाला एक वाक्य संपवायला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागतो.